पंधरा हुशार मुलं निवडायची की अख्खा वर्ग घ्यायचा?

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका खेड्यात, अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. आठवी ते दहावी, वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. मागे एका तुकडीतली ३८ मुलं दहावी पास झाली, त्यातली ३१ अकरावीला गेली आणि बारावीच्या परीक्षेला बसली फक्त १७. यंदा माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला ६०,००० रुपये द्यायचं कबूल केलं आहे. 'मुलं कॉलेजात दिसली पाहिजेत,' एवढीच त्यांची अट. दहावीतली पंधरा हुशार मुलं निवडून शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तास घ्यावेत, असं माझ्या मनात आहे. मुख्याध्यापक म्हणतात, आपण निकाल बघायचा, पुढचं कॉलेज बघेल. संस्थेला एखादा नावाजलेला वक्ता आणून मुलांत जिद्द निर्माण करायची आहे. मी कुठून सुरुवात करू?

नमस्कार मॅडम,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ३८, ३१ आणि १७ हे तीन आकडे. बहुतेक शाळांकडे यातला पहिलाच असतो. शाळा सोडल्याचा दाखला दिला की मूल जनरल रजिस्टरमधून गेलं आणि शाळेच्या नजरेतूनही. तुम्ही मागे लागून पुढचे दोन काढलेत. पण त्यावर उपाय म्हणून दहावीचे जादा तास सुचवलेत, तिथे जरा थांबू या. सात मुलं पास होऊन अकरावीला गेली नाहीत, चौदा जाऊन परत आली. ही एकवीसही मुलं दहावी पास होती. गळती लागली आहे दहावीच्या पुढे आणि तुम्ही लिंपायला निघाला आहात अलीकडची भिंत.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी दोन रविवार काढा आणि या एकवीस घरी जाऊन या किंवा फोन करा. 'शिक्षण का सोडलंस?' असं विचारू नका. त्याला 'परिस्थिती नव्हती' हे एकच ठरलेलं उत्तर आहे. 'कॉलेजला शेवटचा कधी गेलास आणि त्या आठवड्यात काय झालं?' असं विचारा. मग खरं बाहेर येतं. सकाळची एसटी बंद झाली. फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ४ पडले आणि त्यानंतर त्या तासाला बसवेना. शिष्यवृत्ती येईल म्हणून कॉलेजने थांबवलेली फी दिवाळीला मागितली. आईबरोबर ऊसतोडीच्या फडावर जावं लागलं. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे महिना आणि घटना एवढंच लिहा. एकवीस ओळी झाल्या की तुमचा कार्यक्रम निम्मा आखून झाला.

आता पंधरा मुलांचा प्रश्न. ऊसतोडीच्या गावात 'हुशार' कोण ठरतं? बहुतेकदा ज्याचं घर दिवाळीनंतरही उघडं असतं, ते मूल. त्याची हजेरी भरते, वह्या पूर्ण असतात, चाचण्या होतात. ही मुलं तुमच्या तासांशिवायही कॉलेजात जातील, त्या १७ मध्ये तीच असणार. त्यांच्यावर ६०,००० खर्च केलेत तर माजी विद्यार्थ्यांना पाठवायला फोटो छान मिळतील, १७ चा आकडा मात्र जागचा हलणार नाही. निवड करायचीच झाली तर मधल्या पट्टीतली करा: जी पास होतात पण डगमगतात, आणि ज्यांच्या घरात अजून कोणी बारावी पाहिलेली नाही. माझं मत विचाराल तर निवड नकोच. काही कामं अख्ख्या वर्गाची असतात, काही पाच-सात मुलांची. कामाप्रमाणे गट पाडा, मुलांवर शिक्के मारू नका.

जिद्दीबद्दल संस्थेला एक दाखला देता येईल. अमेरिकेत ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कुटुंबांना कॉलेजसाठी किती मदत मिळेल याची माहिती दिली आणि तिथल्या तिथे बसून मदतीचा अर्ज भरून दिला. काहींना नुसती माहिती दिली. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्यांच्या बारावीतल्या मुलांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसत्या माहितीने काहीच फरक पडला नाही. तिथला अर्ज आणि आपलं महाडीबीटी हे राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण अडकायची जागा तीच. तुमच्या मुलांना पोलीस व्हायचंय, नर्स व्हायचंय, कलेक्टर तर दर वर्गात तिघेचौघे असतात. इच्छेचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो कागदाचा, बसचा आणि अकरावीच्या पुस्तकातल्या इंग्रजीचा.

कागदापासून सुरुवात करू, कारण तिथे वेळ हातातून निसटतो. आई-बाप दसऱ्यानंतर निघतात, उन्हाळ्यात परततात. म्हणजे सही, अंगठा, शपथपत्र, जे काही पालकांच्या हातून व्हायचं ते जून ते सप्टेंबर एवढ्याच दिवसांत. नोव्हेंबरात अर्ज भरायला बसलात तर ओटीपी जाईल कर्नाटकातल्या फडावर, आणि तिथे फोन चार्जिंगला लावलेला असेल दुसऱ्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. आठवीच्या वर्गापासून प्रत्येक मुलाची एक फाईल करा आणि पहिल्या पानावर फक्त नाव लिहा, चार वेळा: जनरल रजिस्टरमधलं, आधारवरचं, बँक पासबुकातलं आणि जातीच्या दाखल्यावरचं. ज्ञानेश्वर आधारवर 'डीएनवाय'ने सुरू होतो आणि शाळेत 'जीवाय'ने. कुठे वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, कुठे नाही. आडनाव एकीकडे आहे, दुसरीकडे नुसतं वडिलांचं नाव. हे अर्ज भरताना कळलं तर अर्ज बाद होतो, आठवीत कळलं तर दुरुस्त होतं. रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त करता येते. दाखला घेऊन गेल्यावर तेच काम फार किचकट होऊन बसतं. दहावीच्या बोर्डाच्या अर्जात जे नाव जाईल ते आयुष्यभर चिकटणार, म्हणून नववी संपायच्या आत ही चारही नावं जुळलेली हवीत.

जात पडताळणीचं तर वेगळंच. अकरावी विज्ञानाला गेल्यावर कॉलेजमार्फत अर्ज करायचा असतो, पण पुरावे गोळा करायला वेळ लागतो तो आधी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, नाहीतर तहसीलमधली कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली नोंद. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत सापडतात, मग भाषांतर करून घ्यावं लागतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांची नोंद शोधायची आणि वंशावळीने नातं दाखवायचं. हे काम नववीच्या पावसाळ्यात सुरू करा. एका भावकीतली मुलं एकत्र बसवलीत तर एकाच पुराव्यावर चार-पाच फाईली पुढे सरकतात. नॉन क्रीमीलेअर दाखला इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांना लागतो, अनुसूचित जाती-जमातींना नाही. दरवर्षी कोणीतरी उगाच त्यासाठी सेतू केंद्रात रांग लावतं.

बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर हवं. आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे झालं असं नाही. सरकारी पैसा एनपीसीआयकडे (आधार आणि बँक खात्यांची जोडणी ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) जे खातं जोडलेलं असेल त्यातच जातो, आणि घरच्यांनी मध्येच दुसरीकडे खातं उघडलं असेल तर तिकडे. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. म्हणून सहा महिन्यांतून एकदा पन्नास रुपये भरायला लावा.

इथून आठवीकडे येऊ. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा, तीच एनएमएमएस, तुमच्या शाळेतल्या मुलांसाठीच आहे: शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची शाळा, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९०, त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. इथे शाळा एक ठरावीक चूक करतात. पाच मुलं बसवतात आणि निकाल शंभर टक्के दाखवतात. निकष बसणारं प्रत्येक मूल बसवा. लागली नाही तरी अर्ज भरण्याच्या निमित्ताने उत्पन्नाचा दाखला, खातं, आधार ही कामं उरकतात. लागली तर पुढचं लक्षात ठेवा: दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, ते राहिलं की हप्ता गेला. दहावीला ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५५. अकरावीही शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कॉलेजात हवी. क्लासशी 'टायअप' असलेल्या स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजचं फ्लेक्स बघून मूल तिकडे गेलं तर हे पैसे बंद होतात, आणि हे त्याला आधी कोणी सांगत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर आठवीच्या जूनमध्ये सगळ्यांची वीस गुणांची चाचणी घ्या: तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं, अपूर्णांकांची बेरीज, टक्केवारी, ऋण संख्या, आणि मराठी उतारा वाचून दोन प्रश्न. असर संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी असा भागाकार ४३ टक्क्यांनाच जमला. सुमारे चौथा हिस्सा आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचू शकत नव्हता. भागाकार न येणाऱ्या मुलाला दहावीची सरावसंच पुस्तिका देऊन काय उपयोग? शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास, आठवीतल्या फक्त त्याच मुलांना, वीस शनिवार. दसऱ्याच्या आत निदान बारा होतील असं बघा, नंतर अर्धा वर्ग नसतो. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह चालू होत असेल तर उरलेले तिथे घ्या.

नववी-दहावीत मात्र माझा सगळा भर इंग्रजीवर राहील. तुमच्याकडची मुलं त्वरण, संवेग, अपवर्तन, संयुजा, आम्लारी, ऊती असं शिकतात. अकरावीच्या पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, रिफ्रॅक्शन, व्हॅलन्सी, बेस, टिश्यू येतात. कल्पना डोक्यात आहे, पण ती ओळखीची आहे हेच कळत नाही. यावर उपाय सोपा आहे. नववीपासून प्रत्येक धड्याला वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने, आणि महिन्यातून एकदा त्यावर दहा गुणांची चाचणी. दोन वर्षांत तीनशेएक शब्द होतात, तेवढे पुरतात.

पण एक प्रयोग करून बघाच. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातला पाच ओळींचा परिच्छेद फळ्यावर लिहा आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. रेघा संज्ञांखाली कमी पडतील. पडतील त्या 'हेन्स', 'व्हेअरअ‍ॅज', 'रिस्पेक्टिव्हली', 'विथ रिस्पेक्ट टू' यांच्याखाली. 'ए आणि बी यांचे वेग अनुक्रमे ५ आणि १०' यातलं 'अनुक्रमे' सुटलं की अख्खं उदाहरण सुटतं. असे जोडशब्द साठ-सत्तरच आहेत, ते इंग्रजीच्या नाही तर तुमच्या तासाला शिकवा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे-जूनमध्ये लागतो. मधल्या रिकाम्या उन्हाळ्यात सध्याच्या अकरावीच्या पुस्तकांतले तीनच धडे घ्या: फिजिक्सचा मापनाचा, केमिस्ट्रीचा मूलभूत संकल्पनांचा आणि गणिताचा कोन व त्याच्या मापनाचा. तिन्ही पहिलेच आहेत. अकरावीच्या पहिल्या चाचणीत पास होणं आणि न होणं यात किती अंतर असतं, ते तुमच्या एकवीस ओळींत दिसेलच.

सगळ्यांनी विज्ञानच घ्यावं असं मात्र धरून चालू नका. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. गणित बरं आणि घरची ओढाताण असलेल्या मुलाला हा रस्ता कित्येकदा जास्त सरळ पडतो. नर्स व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीला बारावी टाळता येणार नाही, हे आत्ताच सांगा. बायोलॉजी घेऊन गणित सोडणाऱ्याला इंजिनिअरिंगचं दार बहुतेक बंद होतं, हेही. बारावीनंतरच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, म्हणून 'अकरावी आरामाचं वर्ष' हा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका. मुलींच्या पालकांना ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचून दाखवा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. जेवण-राहणं त्यात नाही, आणि संस्थास्तरावरच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर सवलत नाही.

प्रवेशाच्या अर्जाबद्दल. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. कॉलेजांचे दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही तर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर 'बघू या' म्हणून पुण्याचं कॉलेज टाकणं महागात पडतं. नेट कॅफेत काय होतं? मालक आपला मोबाईल नंबर टाकतो, पासवर्ड स्वतःच ठेवतो आणि जवळची दोन कॉलेजं भरून मोकळा होतो. दुसऱ्या फेरीला मूल पोचतं तेव्हा कॅफे बंद. शाळेतल्या संगणकावर, तुमच्यासमोर, रोज आठ मुलं याप्रमाणे अर्ज भरून घ्या. एक साधा फोन आणि शाळेच्या नावाचं एक सिमकार्ड घ्या, त्याला रिचार्ज चुकू देऊ नका. घरच्या नंबरचं रिचार्ज संपलं की नंबर बदलतो आणि जुन्या नंबरावर ओटीपी जातच राहतो. हा नंबर आधारलाही जोडायचा मोह होईल, तो टाळा. अर्जात पर्यायी संपर्क म्हणून द्या. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या. पसंतीक्रम लावताना कॉलेजच्या नावापुढे एकच गोष्ट लिहायला लावा: सकाळी पोचवणारी आणि संध्याकाळी आणणारी एसटी कोणती. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, मुलांना मोठी सवलत आहे, पण गाडीच नसेल तर पासाचं काय करणार?

मुलींचं आणखी एक. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. पावसाळ्यात उचल वाटली जाते तेव्हा घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं का निघतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'मुलगी शिकली, प्रगती झाली' हे भाषण त्या बापापुढे टिकत नाही. अमुक वसतिगृहात जागा मिळाली, अमुक तारखेला हजर व्हायचं, हा कागद कधी कधी टिकतो. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं, सगळीकडे निकालाच्याच आठवड्यात अर्ज टाका. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर अकरावीपासून राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना आहे. तिचा हप्ता उशिरा येतो हे धरूनच चला. लग्न बोलण्याने थांबत नसेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. तो फोन करणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही, तरीही तुम्ही एकट्याने करू नका. मुख्याध्यापकांना बरोबर घ्या.

त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही. त्यांना निकालाचा जाब द्यावा लागतो, १७ चा कोणी विचारत नाही. त्यांना आठवीच्या भागाकाराचे आणि एनएमएमएसचे आकडे दाखवा. ते शाळेच्याच खात्यात जमा होतात आणि दोन वर्षांनी निकालातही उतरतात. सप्टेंबर ते डिसेंबर हे अकरावीचे महिने मात्र तुम्ही मागून घ्या: दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला एक फोन, 'गेल्या आठवड्यात किती दिवस गेलास?' तीनपेक्षा कमी आलं की त्याच आठवड्यात कोणीतरी भेटायचं.

पैशांचा माझा हिशेब असा. १८,००० बाजूला ठेवा तातडीसाठी: थांबलेली फी, मेसचा एक महिना, चष्मा. एका मुलाला तीन हजारांपर्यंत, चिठ्ठीवर, परत मागायचे नाहीत. बारा हजार तुमच्याच शाळेतून बी.एस्सी.ला गेलेल्या दोघांना, बारा शनिवार, दिवसाला पाचशे. बारा हजार वर्षातून दोनदा तालुक्याचं कॉलेज आणि पॉलिटेक्निक दाखवायला. तेही कॉलेज चालू असताना, प्रयोगशाळेत आणि खिडकीशी अर्ज घेणाऱ्या कारकुनापर्यंत. झेरॉक्स, शपथपत्रं, पालकांची तहसीलची खेप यांना नऊ. वह्या आणि सरावसंच सहा. फोन-रिचार्ज तीन. वक्त्याला शून्य.

संस्थेला कार्यक्रम हवाच असेल तर तुमच्या १७ मधल्या, आज कॉलेजात असलेल्या एका मुलीला एसटीचं भाडं देऊन बोलवा. भाषण नको. अकरावीच्या जूनची फिजिक्सची वही तेवढी आणायला सांगा, पहिल्या चाचणीच्या पेपरासकट, लाल शाईचे शेरे आहेत तसे, आणि ती वही दहावीच्या बाकांवरून फिरू द्या.